एका घरचे मीठ, एका घरची हवा

गेल्या महिन्यात एका भगिनींचे पत्र आले. नावगाव छापू नये अशी त्यांची इच्छा आहे, आणि ती रास्तच आहे. घर आठ माणसांचे: सासूसासरे, दोघे भाऊ, दोघी जावा आणि दोन मुले. सासऱ्यांस गेल्या दिवाळीनंतर हृदयविकाराचा झटका आला. त्यांचे वय ६२. वेळेवर इस्पितळात नेल्यामुळे जिवावरचे संकट टळले व ते घरी आले. डॉक्टरांनी जी पथ्ये सांगितली त्यांत मीठ कमी करावे हे पहिले होते. तेव्हापासून ह्या भगिनी त्यांचा स्वयंपाक निराळा करतात. त्या लिहितात, "पंक्तीत सर्वांना आमटी वाढून झाली म्हणजे मामंजींच्या पानाशी मी लहान पातेले घेऊन जाते. ते बोलत काही नाहीत, पण मान वर करीत नाहीत. आणि दुपारी सगळी निजानीज झाली की लोणच्याच्या बरणीचे झाकण वाजते." त्यांचा प्रश्न असा की, हा निराळा स्वयंपाक किती दिवस करावा लागेल, आणि बरणी कोठे ठेवावी?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. निराळा स्वयंपाक आजपासूनच बंद करावा, आणि मामंजींकरिता जो होतो तोच सर्वांनी जेवावा. बरणीविषयी पुढे लिहितो. परंतु पत्राच्या शेवटच्या पानावर, इतर मजकुराच्या ओघात, तीन उल्लेख सहज आले आहेत आणि माझे लक्ष त्यांवरच खिळून राहिले. यजमानांचे वय ३६. ते जेवणानंतर गॅलरीत जाऊन सिगारेट ओढतात. सासूबाईंस बारा महिने खोकला असतो, "पण तो जुनाच आहे". आणि स्वतः पत्रलेखिकेस अलीकडे दोन जिने चढले की धाप लागते, "पण ते कामाच्या धबडग्याने असेल". प्रश्न एका माणसाविषयी विचारलेला आहे. पत्र मात्र चौघांच्या प्रकृतीचे आहे, आणि त्यांतील तिघांस आपल्याला काही झाले असेल असा संशयही नाही.

हृदय आणि फुप्फुसे ह्यांचा विचार आपण निरनिराळा करतो. शरीर तसा करीत नाही. हृदयाची उजवी बाजू अंगभर फिरून आलेले रक्त फुप्फुसांत धाडते, तेथे ते प्राणवायू घेऊन डाव्या बाजूस येते, व डावी बाजू ते पुन्हा अंगभर ढकलते. रक्ताचे अभिसरण विल्यम हार्वे ह्या इंग्रज वैद्याने १६२८ साली ग्रंथ लिहून सिद्ध केले. मिनिटास ७२ ठोके धरले तर हृदयाचे दिवसाकाठी १,०३,६८० ठोके होतात. श्वास मिनिटास १५ धरले तर २१,६०० होतात. आपल्याकडे अजपाजपाचा जो आकडा सांगतात तो हाच. इतक्या येरझारांत एकाच्या वाटेत अडथळा आला म्हणजे दुसऱ्यावर ताण पडल्यावाचून राहत नाही. धुराने फुप्फुसे खराब होत गेली की हृदयाची उजवी बाजू थकते, आणि हृदयाची डावी बाजू दुर्बळ झाली की फुप्फुसांत पाणी साचून धाप लागते. म्हणून एकाच घरात एकाचे हृदय, दुसऱ्याचा खोकला आणि तिसऱ्याची धाप ही वेगवेगळी दुखणी आहेत असे मानून चालण्याची मला घाई नाही.

दुसरी गोष्ट वयाची. हृदयास रक्त पुरविणाऱ्या वाहिन्यांच्या भिंतींत मेदाचे थर साठण्यास तरुणपणीच आरंभ होतो. झटका येतो तो दिवस पंचांगात सापडतो. रोग सुरू झाला तो दिवस सापडत नाही. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम ह्या गावी १९४८ साली ५,२०९ स्त्रीपुरुष निवडून त्यांची दर दोन वर्षांनी तपासणी करण्यास प्रारंभ झाला. ती माणसे इस्पितळातील नव्हती, आपापल्या घरी नांदणारी, धडधाकट अशी होती. वर्षे लोटली तसतसे दिसून आले की, वाढलेला रक्तदाब, रक्तातील वाढलेले कोलेस्टेरॉल आणि धूम्रपान ही ज्यांच्या ठायी होती त्यांच्याच वाट्यास हा विकार अधिक आला. वयाबरोबर रक्तदाब चढावयाचाच, त्याचे काही वाटून घेऊ नये, अशी तोवर पुष्कळ डॉक्टरांचीही समजूत होती. पुढे ५२ देशांतील रोग्यांची एक मोठी पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. तिचे प्रमुख डॉ. सलीम यूसुफ हे मूळचे केरळचे. धूम्रपान, रक्तदाब, मधुमेह, सुटलेले पोट, मनावरचा ताण, भाज्याफळांची व व्यायामाची उणीव अशा नऊ गोष्टींतच पहिल्या झटक्याचा सुमारे ९० टक्के धोका सामावलेला आहे, असे तीत आढळले. आणि ह्याच पाहणीतून २००७ साली जे आणखी बाहेर आले ते आपण ध्यानात ठेवण्याजोगे आहे: इतर देशांतील लोकांस पहिला झटका सरासरी ५९ च्या सुमारास येतो, तर दक्षिण आशियातील लोकांस ५३ व्या वर्षी. छत्तिशीच्या गृहस्थास त्रेपन्न फार दूर नाही.

आता मिठाकडे वळू. आपल्या पानाची मांडणी डोळ्यांपुढे आणावी. पान मांडले की प्रथम वाढावयाचे ते मीठ. त्याच्या डाव्या अंगास लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचे. पापड-कुरडई असली तर तीही त्याच अंगास. भाजी-आमटी उजवीकडे. डॉक्टरांनी मीठ कमी करावयास सांगितले म्हणजे आपण उजवी बाजू आळणी करतो आणि डाव्या बाजूस हात लावीत नाही. वास्तविक मिठाचे कोठार डावीकडे आहे. लिंबू आणि कोशिंबीर एवढी दोन सोडली तर त्या बाजूचा प्रत्येक पदार्थ मिठावरच टिकतो.

मोठ्या माणसाने दिवसाकाठी ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे असे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे आहे. ५ ग्रॅम म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्यात सकाळच्या पोह्यांपासून रात्रीच्या ताकापर्यंत सर्व काही आले. आपल्या देशात सामान्यतः ह्याच्या दीडपट ते दुप्पट मीठ पोटात जाते. जादा मीठ शरीरात पाणी धरून ठेवते, वाहिन्यांतील रक्ताचे आकारमान वाढते, दाब चढतो. आणि हा दाब वर्षानुवर्षे सोसून वाहिन्यांच्या भिंती ताठर होतात. दुखत काहीच नाही. ह्या विकाराची खरी लबाडी ती हीच.

आपल्या घरात किती मीठ लागते हे पाहावयास प्रयोगशाळा नको, वाणसामानाची वही पुरे. आठ माणसे, प्रत्येकी ५ ग्रॅम, तीस दिवस: १,२०० ग्रॅम झाले. मुलांचा वाटा त्याहून कमीच असावयाचा. तेव्हा ज्या घरात महिन्यास एक किलोची दोन पाकिटे संपतात त्या घराने थोडे थांबून विचार करावा. आणि बेगमीच्या लोणच्या-पापडांचे मीठ ह्या हिशेबात धरलेले नाही. बाजारातून येणारे फरसाण, पाव, बिस्किटे, सॉस ह्यांतील मीठ तर वहीत कधी दिसतच नाही.

मीठ एकदम तोडू नये. घरात बंड होते आणि सुगरणीचे नाव जाते. पोळीच्या कणकेतील व भातातील मीठ पहिल्या दिवसापासून बंद केले तरी कोणाच्या लक्षात येणार नाही, कारण भाताबरोबर आमटी असतेच. पानातील मीठ वाढणे सोडून द्यावे. आमटी-भाजीतील मात्र दर आठवड्यास थोडे थोडे कमी करीत न्यावे. जिभेस नव्या चवीची सवय लागावयास काही आठवडे लागतात, पण ती लागते, आणि मग पूर्वीचीच आमटी खारट वाटू लागते. लिंबू, आमसूल, चिंच, कोथिंबीर, ओले खोबरे, भाजलेले जिरे, हिंग-मोहरीची चांगली फोडणी ह्यांत मिठाची उणीव झाकण्याची मोठी शक्ती आहे. ताकास आले-जिरे लावावे. एकाच घरात खारट आणि आळणी असे दोन स्वयंपाक जोवर चालू आहेत तोवर मामंजींची जीभ वळणार नाही, कारण शेजारच्या पानातील आमटीचा वास त्यांना येतच राहतो. सर्वांचीच चव एकदम बदलली म्हणजे त्यांच्या पानाशी लहान पातेले नेण्याचा प्रसंग उरणार नाही, आणि त्यांची मानही वर होईल.

सैंधवाविषयी पुष्कळ भगिनी विचारतात. सैंधव म्हणजेही मीठच. उपासास चालते म्हणून रक्तदाबास चालेल असे नाही, आणि त्यात आयोडीन घातलेले नसते. पापडखार आणि खाण्याचा सोडा ह्यांतही मिठातलाच घातक अंश, सोडियम, असतो. बाजारात कमी सोडियमचे म्हणून जे मीठ मिळते त्यात पोटॅशियम असते. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यास आणि रक्तदाबाची काही औषधे घेणाऱ्यास ते अपायकारक होऊ शकते. डॉक्टरांस विचारल्यावाचून मामंजींकरिता आणू नये.

आणि बरणी? ती लपवू नये. लपविलेली बरणी सापडतेच, व घरच्या वडील माणसास चोरून खाण्याची पाळी आणणे हे कोणालाच शोभत नाही. पुढच्या वर्षी लोणचे वर्षाचे न घालता पाव हिश्शाने घालावे. कैरीच्या दिवसांत कमी मिठाचा ताजा तक्कू, एरवी लिंबाची फोड किंवा आल्याचे लिंबात मुरवलेले तुकडे पानात असावेत. बरणी रिकामी झाली की झाकण वाजण्याचे कारण उरत नाही.

उपासाविषयी लिहिलेच पाहिजे. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आपल्याच पूर्वजांनी केली आहे, तेव्हा मला बोल लागू नये. साबुदाण्याची तुपातली खिचडी, तळलेला बटाट्याचा कीस, खारे दाणे, आणि वर गोड दही. ज्याला हृदयाचे पथ्य आहे त्याने आठवड्यातून दोनदा असा उपास करणे म्हणजे पथ्यास दोन सुट्या देणे होय. फळे, ताक, वरईचे तांदूळ, राजगिऱ्याची भाकरी एवढ्यावर ज्याचा उपास होतो त्याने तो अवश्य करावा. मधुमेहावर औषध घेणाऱ्याने मात्र वैद्याच्या सल्ल्यावाचून करू नये.

तुपाविषयी माझे मत बेताचे आहे. वरणभातावरच्या चमचाभर तुपाने घरे बुडाली नाहीत. बुडविले ते घाण्यांनी: दिवाळीच्या चकल्या झाल्यावर कढईत उरलेले, काळपट झालेले तेल पुन्हा पुन्हा तापविण्याने, आणि वनस्पती तुपाने. डालडा आपल्याकडे १९३७ साली आला आणि स्वस्त म्हणून लग्नकार्यांत सर्रास वापरला गेला. तेल घट्ट करण्याच्या त्या जुन्या रीतीत ट्रान्स मेद नावाचा जो अंश तयार होतो तो वाहिन्यांस विशेष घातक असतो. खाद्यतेलांत व वनस्पती तुपात तो २ टक्क्यांहून अधिक नसावा असा नियम भारतात १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. परंतु पुनःपुन्हा तापविलेल्या कढईवर कोणाचा नियम चालणार?

"आमच्यात लठ्ठ कोणीच नाही" असे समाधान पत्रात व्यक्त झाले आहे. त्यावर पुण्यातील एक गोष्ट सांगतो. केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन ह्या दोघा संशोधकांनी २००४ साली 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रात आपलीच उदाहरणे छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन तंतोतंत सारखे. परंतु अंगातील चरबी मोजली तेव्हा युडकिन ह्यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिक ह्यांची २१.२ टक्के. हातपाय काटकुळे आणि पोट मात्र सदऱ्यातून पुढे आलेले, ही आपल्या मंडळींची ठेवण त्या दोन आकड्यांत आली आहे. शिवणाच्या डब्यातील फीत घ्यावी आणि बेंबीच्या पातळीवर पोट मोजावे. पुरुषाचे ९० सेंटिमीटरांच्या वर, बाईचे ८० च्या वर गेले असेल तर वजनकाटा काहीही सांगो, पोट कमी करावे.

चालण्याचे महत्त्व सांगून लोक कंटाळले आहेत, म्हणून एकच दाखला देतो. जेरी मॉरिस नावाच्या लंडनच्या डॉक्टरांनी दुमजली बसगाड्यांवरील ड्रायव्हर व कंडक्टर ह्यांची तुलना करून १९५३ साली निष्कर्ष छापले. एकच गाडी, एकच रस्ता, एकाच तऱ्हेची घरची स्थिती. ड्रायव्हर दिवसभर बसून. कंडक्टर तिकिटे फाडीत दिवसभर जिना चढतो-उतरतो. कंडक्टरांत हृदयविकार पुष्कळच कमी, आणि झालाच तर कमी प्राणघातक आढळला. मुंबईत १९३७ पासून २०२३ पर्यंत जुन्या लाल दुमजली गाड्यांतून आपण किती वेळा गेलो असू. कंडक्टर आपल्याहून निरोगी असेल असे कधी मनात आले नाही. जेवणानंतरची शतपावली चांगली, पण शंभर पावलांनी हिशेब भागत नाही. आठवड्यास निदान १५० मिनिटे, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालावे. सूर्यनमस्कारांचा प्रसार औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांनी हयातभर केला. मुलांस ते आतापासून लावावेत. चाळिशी उलटल्यावर एकदम पन्नास नमस्कारांचा संकल्प मात्र कोणी सोडू नये, आणि मामंजींनी किती चालावे हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावे. भाजी आणण्याचे काम घरातील पुरुषांकडे द्यावे, ही माझी जुनी सूचना आहे. तिला आजवर एकाही पुरुषाचे अनुमोदन मिळालेले नाही.

येथवर मिठाचे झाले. आता हवा. आमटी एक वेळ निराळी शिजविता येईल. हवा निराळी करता येत नाही.

यजमान गॅलरीत जाऊन ओढतात, म्हणजे घरात धूर येत नाही, असे भगिनींस वाटते. दार उघडे असते, वारा आत वाहतो, आणि कपड्यांतून व श्वासातूनही तो घरात येतोच. आपल्या घरांतून एक मर्यादा आहे: मुलगा बापासमोर ओढीत नाही. म्हणून तो गॅलरीत जातो, बापास वास येतो, बाप वर्तमानपत्र वर धरतो, आणि दोघेही काही घडत नाही असे मानतात. ही मर्यादा चांगली की वाईट हे मी सांगत नाही. पण तिच्यामुळे ह्या विषयावर बोलण्याचा अधिकार ज्या एका माणसास आहे तोच बोलत नाही.

रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल ह्यांनी १९५१ साली ब्रिटनमधील डॉक्टरांचीच नावे नोंदवून पाहणी सुरू केली. त्यांत ३४,००० हून अधिक पुरुष होते. पन्नास वर्षांचा हिशेब २००४ साली निघाला. जन्मभर ओढणाऱ्याचे आयुष्य न ओढणाऱ्यापेक्षा सरासरी १० वर्षांनी कमी. ज्याने साठीस सोडली त्यास त्यांतील ३ वर्षे परत मिळाली, पन्नाशीस सोडली त्यास ६, चाळिशीस ९, आणि तिशीस सोडली त्यास जवळजवळ सगळीच. यजमान ३६ वर्षांचे आहेत. ह्या कोष्टकात त्यांची जागा कोणती हे त्यांचे त्यांनीच बोट ठेवून पाहावे.

"मी दिवसाला एक-दोनच ओढतो" हे उत्तर येईल. फुप्फुसांपुरते त्यात थोडे तथ्य असेल, हृदयापुरते नाही. अनेक पाहण्या एकत्र करून २०१८ साली असे दिसून आले की, २० सिगारेटींनी हृदयविकाराचा जो जादा धोका येतो त्याचा जवळजवळ निम्मा दिवसाच्या एकाच सिगारेटीने येतो. कमी करणे हा सोडण्याचा जिना आहे, मुक्कामाची खोली नव्हे. सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस कठीण जातात. तल्लफ येते ती काही मिनिटांत ओसरते. तेवढ्यापुरते पाणी प्यावे, वेलदोडा चघळावा, खाली एक फेरी मारावी. न जमल्यास निकोटिनचे च्युइंगगम व औषधे आहेत, आणि १८००-११-२३५६ ह्या सरकारी क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. हाच न्याय तपकीर, मशेरी व तंबाखूच्या चिमटीस. धूर नाही म्हणून त्या सोवळ्या ठरत नाहीत. निकोटिन नाकातून गेले काय आणि दाढेतून गेले काय, नाडी वाढवितेच.

माझी एक सूचना आहे, आणि ती मामंजींना वाचून दाखवावी. त्यांनी एखाद्या रात्री मुलास जवळ बसवून घ्यावे आणि आज्ञा न करता मागणे मागावे: मी लोणचे सोडतो, तू सिगारेट सोड. छातीवर हात ठेवून रुग्णवाहिकेतून गेलेल्या बापाचे मागणे नाकारणे मुलास सोपे जाणार नाही. पत्नीने शंभर वेळा सांगितलेले जेथे लागले नाही तेथे हे एकदा सांगितलेले लागते, असे मी पाहिले आहे.

आता सासूबाईंचा खोकला. लग्न होऊन त्या कोकणातील घरी आल्या, आणि तीस वर्षे चुलीपुढे व बंबापुढे बसल्या, असे पत्रात आहे. जन्मात विडी न ओढलेल्या बायकांस विडी ओढणाऱ्यांचा फुप्फुसरोग होतो तो ह्या चुलीमुळे. श्वासनलिका आकसतात, आणि माणूस 'वयाने थकलो' असे म्हणत हळूहळू कामे टाकीत जातो. खोकला जुना आहे हे तो दुर्लक्षिण्याचे कारण नव्हे, तपासण्याचे आहे. स्पायरोमेट्री नावाची तपासणी असते. यंत्रात जोराने फुंकावयाचे असते, दुखत नाही. आणि कोणाचाही खोकला दोन आठवड्यांहून अधिक टिकला तर थुंकीची क्षयाकरिता तपासणी करावी. ती सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते.

चूल गेली, पण धूर गेला असे नाही. तळणीचा व फोडणीचा धूर स्वयंपाकघरात कोंडतो, म्हणून शेगडी पेटविण्यापूर्वी खिडकी उघडावी आणि पंखा असला तर तो आधी लावावा. रात्री डासांकरिता खोलीत जी उदबत्तीसारखी वेटोळी जळते तिचा धूर कोणी मोजीत नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या तपासणीत अशा एका वेटोळ्यातून निघणारे सूक्ष्म धूलिकण ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरले. ती दार लावून मुलांच्या उशाशी ठेवणारे आईबाप सिगारेटीस नाक मुरडतात, ह्याचे मला नेहमी नवल वाटते. मच्छरदाणी लावावी, आजीच्या काळची वस्तू आहे आणि अजून कोणी तिच्याहून चांगली केलेली नाही. देवघरातील उदबत्ती व धूप ह्यांविषयी लिहिताना हात थोडा अडखळतो. देव भावाचा भुकेला असे आपणच म्हणतो. तेव्हा खोकणाऱ्या माणसाच्या घरी निरांजन पुरे समजावे, आणि सणावारी उदबत्ती लावलीच तर एक, खिडकी उघडून.

एवढे करूनही प्रसंग येऊ शकतो, म्हणून त्याची ओळख असावी. छातीच्या मध्यावर दडपण, ते डाव्या हातात, खांद्यात, जबड्यात जाणे, दरदरून घाम, जीव घाबरणे. बायकांत पुष्कळदा दुखणे ठळक नसते. नुसती धाप, मळमळ, कधी नव्हे असा थकवा एवढेच असते. वात धरला, पित्त झाले म्हणून ओवा-सोडा देत बसण्यात मोलाचा तास जातो. १०८ ह्या क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, आणि माणसास चालवीत जिना उतरवू नये.

पत्रलेखिका भगिनींनी एक गोष्ट फार चांगली केली आहे. मामंजींकरिता आणलेल्या यंत्राने त्यांनी घरातील सर्वांचा रक्तदाब घेतला आणि आकडे कळविले. चहा किंवा सिगारेट घेतल्यास अर्धा तास जाऊ द्यावा, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीवर टेकलेला. मध्ये बोलू नये. असा दोन-तीन दिवस घेऊन वारंवार १४०/९० किंवा त्यावर भरला तर डॉक्टरांकडे जावे. यजमानांचा आकडा त्यांनी १४८/९४ लिहिला आहे. त्यांस ह्याच आठवड्यात न्यावे. धाकट्या भावोजींचा व जाऊबाईंचा ठीक आहे, मुलांचा घरच्या मोठ्या पट्ट्याने घेतलेला आकडा भरवशाचा नसतो, तेव्हा तो सोडून द्यावा. मामंजींचा औषधाने आटोक्यात आहे, सासूबाईंचा किंचित वर.

हे सात झाले. घरात माणसे आठ आहेत. सर्वांची पाने झाल्यावर, उरलेले वाया जाऊ नये म्हणून जी शेवटी जेवते, दोन जिन्यांत जिला धाप लागते, तिचा आकडा पत्रात नाही. तो घेऊन, रक्तातील हिमोग्लोबिनही तपासून, पुढच्या पत्रात कळवावा.